कनवटीला मावणारं पिस्तूल

आये, तू गेलीस तेव्हा होतीस त्याहून मी आता कितीतरी म्हातारी आहे. लिहायला उशिरा शिकले, नातीच्या पाटीवर, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस. आज सकाळी लुगडं नेसताना कनवटीला सुपारीची डबी खोचली आणि हात तिथंच राहिला. सगळं आठवलं, आणि रागही आला, अगदी ताजा. हा राग वयाबरोबर जाईल म्हणून मी फार वाट पाहिली. आता वाट बघायचं सोडलं आहे.

निपाणीतल्या वखारीचं ते दार. दिवसभर तंबाखू चाळून, शिंकून, डोळे लाल करून आपण बायका संध्याकाळी रांगेत उभ्या. दारात मुकादम, डाव्या हातात कंदील, उजव्या हातानं झडती. चिमूटभर तंबाखू बाहेर जाऊ नये म्हणून अंबाडे सोडायला लावायचा, कंबर चाचपायचा. मी नुकती कामाला लागलेली, तुझ्या पाठीशी उभी. पहिल्याच दिवशी तू सांगितलं होतंस, "त्येच्या एका हातात कंदील अस्तोय. दुसरा हात आपल्या डाव्या अंगालाच फिरतोय. उजव्या कनवटीला काय बी ऱ्हातंय. पर चोरायचं न्हाय. चोरलंस तर हात मोडीन." तू स्वतः मिसरीपुरतीही चिमूट कधी आणली नाहीस. आणि त्यानं एका संध्याकाळी तुझाच कासोटा सोडायला लावला, हमालांच्या देखत, का तर दुपारी तू त्याला उलट बोलली होतीस. काही निघालं नाही. तो हसला आणि म्हणाला, "जा आता." तू घरी येऊन भाकऱ्या थापल्यास, मला वाढलंस, आणि पुन्हा वखारीची पायरी चढली नाहीस. अंथरूण धरलंस ते धरलंसच. लोक म्हणाले, तापानं गेली. मी तुझ्या जागी चाळायला बसले, आणि रोज संध्याकाळी त्याच माणसाचा हात अंगावर घेत राहिले.

मग चले जावचं साल आलं. मामा, तुझा पाठचा भाऊ, कोल्हापूर संस्थानातल्या गावांतून तंबाखूची गाडी निपाणीला आणायचा. एका फेरीला पोत्यांखालून चळवळीतल्या पोरांची दोन पिस्तुलं आली. पोलीस घरोघरची मडकी उलथी करत होते. मामा म्हणतो, "एक गाडीत दडवतो. एक तू अंगावर बाळग, पोरी. बाईच्या अंगाला पोलीस हात लावायचं न्हाईत." पोलीस लावणार नाहीत, मुकादम रोज लावतो, हे त्या भल्या माणसाच्या ध्यानातच आलं नाही. माझ्या मात्र आलं.

चुलीपुढं फडक्यावर त्यानं दोन्ही ठेवली. थोरलं सहाबारी, भरलेलं. धाकटं चपटं, तळहाताएवढं, आणि त्याच्या गोळ्या आल्याच नव्हत्या. "थोरलंच घे," मामा म्हणाला, "धाकटं म्हंजी नुसतं लोखंड. गोळ्या फुडच्या फेरीला." मलाही थोरलंच हवं होतं. मुठीत धरलं आणि जीव निवला. पण खोचून चालून पाहिलं तर ते कनवटी खाली ओढतंय, वाकलं की फुगवटा दिसतोय, आणि मागचा घोडा लुगड्याच्या काठात अडकतोय. मांडी घालून चाळायला बसायचं तर जमेचना. ते दारापर्यंत पोचलंच नसतं. धाकटं मात्र तुझ्या चंचीसारखं बसलं. मी खाली बसले, उठले, कोपऱ्यातली घागर भरून आणली आणि विचारलं, "सांग बघू, कुठं हाय?"

"डाव्या अंगाला?"

"उजव्या."

"लई बेरकी हैस. आक्कावर गेलीस," तो म्हणाला आणि हसला. मी हसले नाही. गोळ्या आल्या की कुणावर झाडायच्या ते माझं ठरलेलं होतं.

ते लोखंड उजव्या कनवटीला घेऊन मी रोज त्या हाताखालून गेले. तू सांगितलेलं खरंच होतं, त्याचा हात तिकडं फिरकला नाही. पण गोळ्या काही आल्या नाहीत. मामानं निरोप दिला, पोरं माल न्यायला येणार, उद्या परत दे. म्हणजे माझ्याकडं एकच संध्याकाळ उरली. त्या दुपारी मी वखारीच्या परसात गेले आणि पिस्तूल उजवीकडून काढून डावीकडं खोचलं.

दारात त्याचा हात आला आणि थांबला. माझा हात पदराखाली पिस्तुलाच्या मुठीवर होता. मी हळूच म्हणाले, "चाचप की, मुकादम. थांबलास का? माझ्या आयेचा कासोटा सोडतानी न्हाय थांबलास."

त्यानं माझ्या तोंडाकडं पाहिलं. घाबरला होता, पण खरंच आठवायचा प्रयत्न करत होता. म्हणाला, "कुनाची आय, बाई?"

इतक्या जणींचे त्यानं सोडले होते, की त्यात तू त्याला सापडेनास. मी चाप ओढला. पदराखाली बारीकसं टक् झालं, ते त्यालाही ऐकू गेलं. तो भिंतीला टेकला आणि कंदील हातातून पडला. मागच्या बायकांना वाटलं, मुकादमाला घेरी आली. पोरांच्या धाकानं त्यानं फौजदाराकडं तोंड उघडलं नाही. पण त्यानंतर त्यानं एकाही बाईला हात लावला नाही, आणि मी रांगेत दिसले की त्याचा कंदील थरथरायचा. ते बघायला मी रोज मुद्दाम शेवटी उभी राहायची. मला फार बरं वाटायचं, आये. अजून वाटतं.

हा कागद तुला कसा पोचायचा. घडी करून उजव्या कनवटीला खोचते, तिथं कुणाचा हात जात नाही. मामाला मी सांगितलं होतं की भेदरवायला नुसतं दाखवलं. तो खूश झाला आणि मीही ते तसंच राहू दिलं. तुला खरं सांगते. चाप ओढला तेव्हा ते रिकामं आहे हे मला आठवतच नव्हतं.