चिमीनं भंडारा उचलला

४ डिसेंबर
चिमीनं जबाब फिरवला. (खरं नाव इथंही नको. वय नऊ.) मागच्या आठवड्यात समुपदेशनाच्या याच खुर्चीत बसून तिनं चुलता नको तिथं हात लावतो, असं सांगितलं होतं, रडत, थांबत. आज एका दमात: "म्या खोटं बोलले, ताई. टीव्हीत बघितलं हुतं." डोळे दाराबाहेर बसलेल्या आईकडं. नखं पिवळी. हळद?
रागावले नाही, खोदून विचारलं नाही. "बरं, ऐकलं मी," एवढंच.

५ डिसेंबर
फौजदारांचा फोन. "पोरगीच न्हाय म्हणतीय मॅडम, तुम्ही कशाला ताणताय?" म्हटलं, साहेब, लेकरं घाबरून मागं घेतात, हे तुम्ही माझ्याहून जास्त पाहिलंय. तर हसले! डोकंच फिरलं.
खरंच खोटं बोलली असेल तर? हाही विचार येतो. यायलाच हवा. पण घरात मधल्या दिवसांत काय झालं, ते आधी बघायचं.

७ डिसेंबर
अणदूर. तिच्या घरी. आजोबांनी आपणहून सांगितलं, वर अभिमानानं: "खंडोबाम्होरं बेलभंडारा उचललाय पोरीनं, आईची आण घिऊन. आता आनि काय पायजे तुमाला?"
म्हणजे ती पिवळी नखं भंडाऱ्याच्या हळदीची. पुढचंही आजोबांकडूनच कळलं: भावकीतले सगळे बाप्ये गोल उभे, मध्ये ही. आणि भंडाऱ्याचं ताट कुणी धरलं होतं? चुलत्यानं.
आई चुलीपाशी. भाकरी थापत राहिली.

९ डिसेंबर
बाल कल्याण समिती. चिमीला घरी ठेवायचं का? एक सदस्य, रिटायर हेडमास्तर: "देवापुढं लेकरू खोटं बोलत नसतं हो." शिकलेला माणूस! म्हटलं, सर, ज्याच्यावर आळ त्यानंच ताट धरलं होतं. कागद चाळायला लागले, पण पटलं नाही.
शेवटी कसंबसं: पुढच्या तारखेपर्यंत नळदुर्गला मावशीकडं. तेवढंच पदरात पडलं.

१४ डिसेंबर
नळदुर्ग. मावशीनं शेंगा भाजल्या होत्या. चिमी सोलत बसली. मग माझ्याकडं न बघताच:
"ताई, भंडारा उचलून खोटं बोललं तर आई मरती का?"
म्हटलं, नाही गं, आईला काही होत नाही.
"नक्की? मग फोन लावा तिला."
लावला. उचलला चुलत्यानं. मी झटकन कट केला.
"आईनं न्हाय उचलला?" चिमीच्या हातातली शेंग तशीच.
जबाबाबद्दल तिला काहीही विचारलेलं नाही. विचारणारही नाही. आधी आईचा आवाज तिच्या कानावर पडू दे, आजच्या आज. अणदूरला निघालेय, तिथून आईच्या हातात माझा फोन देऊन मावशीकडं लावायला.