न सरकणारा गट

प्रिय मृणाली,

माझा फोन तू उचलत नाहीस, तो तुझा हक्क आहे. म्हणून हे पत्र तुमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या जानकीबाईंच्या हाती देतोय. रागावलीस तरी शेवटपर्यंत वाच.

एम.एस्सी.ला तुला रिअरेंजमेंट अजिबात आवडायची नाही. एका अणूवरचा गट उठून शेजारच्या अणूवर का जातो, आणि दोन गटांपैकी नेमका हाच का, असं तू चिडून विचारायचीस. लायब्ररीत बसून मी सांगायचो, शेजाऱ्याला इलेक्ट्रॉन हवे असतात. ते द्यायला ज्या गटाला सोपं जातं, तो आधी सरकतो. फेनिल चटकन जातो, मेथिल मागे राहतो. पण फेनिलवर नायट्रो बसवला की तो इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढून धरतो, मग फेनिलही रेंगाळतो. तू वही मिटून म्हणायचीस, "हे कुणाला उपयोगी पडणार आहे रे?" 

गेल्या वर्षापासून मी भूपेशकडे केमिस्ट आहे. कामतघरला तुमच्या घरामागच्या गाळ्यात, तुझ्या वडिलांनी, दौलतकाकांनी, लूम भंगारात काढल्यावर जो भाड्याने दिला, तिथे त्याचं काम चालतं. पाटी डाइंगची आहे. आत केटोनवर पेरॲसिड सोडतात. फेनिल कार्बनवरून ऑक्सिजनवर सरकतो आणि एस्टर तयार होतं. जुन्या मालात फेनिल साधा होता. पेरॲसिड थेंब थेंब सोडलं की तिथल्या तिथे संपायचं.

दिवाळीनंतर भूपेशने दुसरा माल आणला. त्यात नायट्रो होता. पहिल्याच दिवशी गट हलेना. पेरॲसिड न संपता भांड्यात साचत गेलं, आणि वरून सगळं शांत. मी म्हटलं, साचलेलं पेरॲसिड एकदम भडकेल, हे इथेच थांबवू. भूपेश हसला. "सर, नहीं चल रहा तो थोडा गरम करो ना."

मी नको म्हटलं, पण आडवा आलो नाही. भांड्यावरच्या कामगाराने, नवशाने, वाफ सोडली. वीस मिनिटांनी मी ती बंद करायला लावली, तरी पारा चढतच राहिला. मग झाकण उडालं. नवशाचा चेहरा आणि उजवा हात भाजला. हॉस्पिटलात भूपेशने "वाफेने भाजला" म्हणून सांगितलं. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. नवशाला आता एका डोळ्याने दिसत नाही. त्याची बायको कमळा मला अजून "साहेब" म्हणते.

ते भांडं कळशीएवढं होतं. परवा, सोमवारी, हजार लिटरचं भरणार आहेत. तोच माल. कोपऱ्यातल्या पेरॲसिडच्या दोन ड्रमांची पोटं आताच फुगली आहेत. काल मी दौलतकाकांना भेटलो. "न्हाय काय होत रं, तुम्ही शिकलेली मानसा लय घाबरता," असं म्हणून त्यांनी चहा मागवला. तुझी रुचिरा मागच्या भिंतीशी भातुकली मांडून बसली होती. त्या भिंतीपलीकडे ते ड्रम आहेत.  पार्वतीकाकूंनी आणलेला चहा न पिताच मी उठलो.

एक गोष्ट अजून सांगितली नाही. गाळा घेण्याआधी भूपेश दुसरीकडे जागा बघत होता. तुमचा गाळा त्याला मी दाखवला. तू माहेरी परत आल्याचं कळलं होतं, आणि त्या गाळ्याच्या खिडकीतून तुमचं अंगण दिसतं. एवढ्यासाठी.

पत्र मिळेल तशी रुचिराला, काकूंना आणि काकांना घेऊन गणेशपुरीला मावशीकडे निघ. काका यायला तयार होणार नाहीत. भांड, पण ने. मी कामाच्या नोंदींची वही घेऊन आधी फायर ब्रिगेडकडे, मग पोलीस ठाण्यात चाललोय. भूपेशच्या ओळखी खूप आहेत. वही गहाळ होईल, आणि मीही उद्या जबाब फिरवेन. एकदा मान डोलावलेला माणूस आहे मी. म्हणून हे सगळं माझ्या अक्षरात लिहून तुझ्याकडे ठेवतोय. मी फिरलोच, तर हे पत्र माझ्याविरुद्ध दे. त्यासाठीच सही पूर्ण करतोय.

तुझाच,
सुश्रुत अनंत कर्णिक