चार बोटं फट

सावेडी, ८ डिसेंबर

चि. चेतनला ताईचा सप्रेम जयभीम. वि. वि.

पडद्यांचा विषय काढला की तू फोन ठेवतोस, म्हणून हे पत्र खाद्याच्या टेम्पोबरोबर पाठवतेय. आता वाचल्याशिवाय सुटका नाही! आई सांगत होती, कोंबडीच्या पिल्लांना ऊब हवी म्हणून तू शेडचे पडदे गच्च बांधतोस, आत कोळशाची शेगडी पेटवतोस आणि तिथंच झोपतोस. अरे, कोळशाच्या विषारी वायूला वाससुद्धा नसतो, माणूस झोपेतच जातो. वर चार बोटं फट ठेव. मला फार भीती वाटते रे.

आणि आण्णांशी अबोला किती दिवस? पुण्याची नोकरी सोडलीस म्हणून ते रागावले, पण बाप आहेत, वैरी नाहीत.

राग थुंकून टाक, लोभ तेवढा ठेव.

तुझी ताई,
रश्मी

तिसगाव, ११ डिसेंबर

ती. रश्मीताईस सप्रेम जयभीम. वि. वि.

फ्लॅटमध्ये बसून सल्ले देणं सोपं आहे. इथं पहाटे दात वाजतात. गारठली की पिल्लं एकमेकांवर चढून चेंगरतात. खाद्य भरमसाट खातात, अंगाला काही लागत नाही, आणि कोळशाच्या खर्चाचं तर विचारूच नको. ही पहिलीच बॅच गेली तर माझं इथलं सगळंच संपलं.

आण्णांना तेच हवंय. थंडीत ही पिल्लं जगायची न्हाईत, असं ते आईला म्हणाले होते. रोज मी दोरी आवळतो आणि सकाळी वरची गाठ सुटलेली असते. परवा शेडमागं त्यांच्याच चपलांचे ठसे दिसले. आजपासून गाठी तारेनं आवळणार. बघू कोण सोडतं ते.

चिडलोय, तरी माया असू दे.

तुझा,
चेतन

तिसगाव, १६ डिसेंबर

ती. ताईस सप्रेम जयभीम. वि. वि.

बाजेवर पडून लिहितोय, अक्षर सांभाळून घे. तुला लिहिलं त्याच रात्री तारेची गाठ आण्णांना सुटली नाही. त्यांनी हाका मारल्या म्हणे, मला ऐकूच आल्या नाहीत. शेवटी विळ्यानं पडदा उभा फाडला आणि मला काखेत धरून ओढत बाहेर काढलं. बरीच पिल्लं गेली.

दवाखान्यात आई रडत सांगत होती, माझ्याशी बोलायचं नाही म्हणून ते रोज गुपचूप येऊन फट ठेवून जायचे. मी त्यांच्यावर नाही नाही तो संशय घेतला, ताई. फार लाज वाटते.

उरलेली पिल्लं तरतरीत आहेत. नवा पडदा आण्णांनीच आणला. आता दिवेलागणीला ते दोरी धरून उभे राहतात आणि किती फट ठिवू, असं मला विचारतात. त्यांना माहीत असतंच. मी चार बोटं सांगतो, मग ते बांधतात.

आम्हा दोघांवर लोभ असावा.

तुझा,
चेतन