बर्फातलं अभ्यंगस्नान

३ फेब्रु.
ग्रीनलंडहून आलेल्या पिपालुकला क्लेमेंटीच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत नेलं. तिच्या गावाजवळ विमानतळ झालाय, आता प्रवासी हवेत. माझ्याकडे प्रवासी आहेत. दिवाळीला चाळीस जणांची मराठी टूर, एवढंच बोलणं. पण बाई हुशार. इथली कडक कॉफी, कोपी, ढवळत म्हणाली, "आइसलंड आमचा शेजारी. गर्दी आधी तिथे झाली. त्यांच्या अधिकाऱ्यांना विचारलं की हसरे फोटो दाखवतात. तुम्ही तिथे ग्रुप नेता. खरं सांगा, कुठे चुकलं?"
गावाला गरम पाण्याचं एकच कुंड. ग्रुपना उघडायचं की नाही, ते ठरायचंय. तिची आई गुडघ्यांसाठी रोज जाते.
म्हणालो, "काही नाही चुकलं. ते खूश, आम्ही खूश."
वर आग्रहाने नारळाचा जॅम लावलेला काया टोस्ट खायला घातला.

४ फेब्रु.
सुनीता मेथी निवडत होती. सगळं ऐकून म्हणाली, "आणि ते तेल?"
"तेलाचं कुठे विचारलं तिने!"
"काय चुकलं, असं विचारलं ना?"
बायको करावी तर बहिरी.

६ फेब्रु.
लिहूनच टाकतो. तीन दिवाळ्यांपूर्वी, आइसलंडमधलं लहानसं गाव. 'बर्फात अभ्यंगस्नान' ही जाहिरात माझीच. नरक चतुर्दशीला सगळ्यांना गावच्या गरम तलावावर नेलं. कपडे काढून साबणाने स्वच्छ अंघोळ, मगच पाण्यात, असा तिथला नियम. पाटी होती, चित्रासकट. बायका संकोचल्या. मीच म्हणालो, "उतरा हो वहिनी तशाच, कोण बघतंय!" तेल-उटणं चोपडून चाळीसच्या चाळीस पाण्यात. कारीट नव्हतं म्हणून एकाने काठावर टोमॅटो फोडला. फोटो झकास.
मग पाण्यावर तवंग. तलाव रिकामा करावा लागला. दारात टॉवेल घेऊन एक म्हातारा उभा. राखणदार त्याला काहीतरी समजावत होता. भाषा कळली नाही, म्हाताऱ्याचा "ओह" कळला. आमच्यावर कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर...
मी बसमध्ये चकल्या वाटल्या.

११ फेब्रु.
पि.चा मेल. 'तुमच्या शब्दावर कुंड उघडा असं सांगणार आहे. सोमवारी गावाची बैठक. आई म्हणते, माझी सकाळची वेळ पाहुण्यांना द्या, मी नंतर जाईन.'
चोआ चू कांगच्या भाड्याच्या खोलीतून एकेक तिकीट विकत इथवर आलो, ते कान उघडे ठेवून. गिऱ्हाईक न बोललेलंही मला ऐकू येतं. आणि तो "ओह" मात्र ऐकून न ऐकल्यासारखा.

१३ फेब्रु.
मेल लिहिला. 'काही ग्रुपकडून तिथे चूक झाली.' सुनीता खांद्यावरून वाचत होती. "काही?" म्हणाली.
खोडलं. 'माझ्या ग्रुपकडून. मी सांगितलं म्हणून.' पुढे तेल, पाटी, म्हातारा, सगळं. टूर गेली समजायची. पाठवला.

१५ फेब्रु.
पि.चं उत्तर. टूरबद्दल अक्षर नाही. 'आईला वाचून दाखवलं. ती विचारते, त्या आजोबांना परत कधी पोहायला मिळालं?'
काय लिहू? आम्ही त्याच दुपारी तिथून निघालो होतो. नंतर मी कधी विचारलंच नाही.