किल्लीचा फोटो पाठवा

२ फेब्रुवारी
आजपासून धंदा इंटरनेटवर. दुकानाच्या नावाचं डोमेन घेतलं! बायकोच्या धाकट्या बहिणीने बसून करून दिलं. मेहुणी कॉम्प्युटर कंपनीत आहे, त्यामुळे समजावून सांगायची भारी हौस. म्हणाली, खरा पत्ता आकड्यांचा असतो, नाव म्हणजे नुसती पाटी. कुणी नाव टाइप केलं की त्याला कुठल्या आकड्यावर पाठवायचं, याची कुठेतरी नोंद असते. आणि पाटी वर्षाच्या करारावर. करार संपला की दुसरा कुणीही ती घेतो आणि लोक त्याच्या दारात जातात.
मी हो हो म्हटलं. दुकानाचं नाव वडिलांनी ठेवलं. त्याला करार कसला?

११ फेब्रुवारी
वेबसाइट झकास. कल्पना सर्वस्वी माझी: किल्लीशेजारी नाणं ठेवून फोटो काढा, पत्ता लिहा, डुप्लिकेट घरपोच. नाण्यावरून माप कळतं, दात फोटोत दिसतात. तीस वर्षं कानस चालवलेल्या माणसाला एवढं पुरे.
बायको म्हणते, फोटोही तिथे आणि पत्ताही तिथेच? तिला स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यातलं कुलपाचं छोटं चिन्ह दाखवलं. म्हटलं, कुलूपवाल्याला कुलूप शिकवू नकोस.
ताईचा फोन. एकटी राहते, तिसऱ्या मजल्यावर, डोळ्यांनी कमी दिसतं. एक जादा चावी करून दे म्हणाली, पडले-बिडले तर शेजारणीपाशी असावी. या आठवड्यात नक्की.

२० ऑगस्ट
ऑर्डरी जोरात. ताईची चावी राहिली. या रविवारी नक्की.
मेहुणीशी वाजलं. डोमेनची मुदत आपोआप वाढावी अशी काहीतरी सोय तिने परस्पर लावून ठेवली होती. मला न विचारता? सोय काढून टाकली, पासवर्ड बदलला. आता सगळ्या चाव्या माझ्या हातात. ती म्हणाली, मग तारीख लक्षात ठेवा. अरे हो, ठेवीन की.

१४ जानेवारी
ईमेलवर भामट्यांचा सुळसुळाट. ‘तुमच्या डोमेनची मुदत संपत आहे, इथे क्लिक करा.’ वा रे वा! दुसऱ्याची कुलपं उघडून पोट भरणाऱ्याला गंडवायला निघालेत. डिलीट.

२९ जानेवारी
अजून तीन. आता लाल अक्षरांत. न वाचता डिलीट. बायको म्हणाली, बहिणीला विचारून बघा. मी कुणाला विचारत नाही, लोक मला विचारतात.

६ फेब्रुवारी
वेबसाइट उघडत नाही. नेटवर्कचा प्रॉब्लेम असणार.

३ मार्च
अजून नेटवर्कच. विश्रांतीही हवीच की माणसाला. ताईची चावी आता निवांत करू.

२५ एप्रिल
आली! वेबसाइट आपोआप परत आली. बायकोला म्हटलं, बघ, धीर धरावा लागतो. आणि दिसतेही आधीपेक्षा देखणी. अक्षरं ठळक, रंग शांत. माझाच मजकूर, माझ्या दुकानाचा फोटो. वर कोपऱ्यात कुलूपही आहे. फोन नंबर तेवढा गळलाय. मेहुणीने राग विसरून गुपचूप दुरुस्त केली असणार. आभार मानले तर डोक्यावर बसेल, म्हणून गप्प.

१७ मे
ऑर्डरी नाहीत. मंदी आहे. दाराबाहेर जाहिरातीचा मोठा फलक लावला, खाली वेबसाइटचं नाव. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, दुकानात रांगेत कशाला उभे राहता, फोटो टाका.
ताई चिडली. वर्ष उलटलं म्हणे चावीला. तिलाही तेच सांगितलं. शेजारणीकडून टाकून घे, तुझी ऑर्डर पहिली.

९ जून
ताईचा फोन, आवाज एकदम गोड. चावी मिळाली म्हणाली. मी पाठवलेला माणूस फार सभ्य. दारात चावी लावून दाखवली, खिडक्यांच्या कड्या बघितल्या, घरी कधी असता, कधी नसता तेही विचारून घेतलं. दुसरी एक चावी स्वतःकडे ठेवली, भावाने सांगितलंय म्हणून.
मी हं हं म्हटलं.
माझ्याकडे माणूस नाही. कधीच नव्हता.
कोणीतरी चांगल्या मनाने मदत केली असेल.

१० जून
कानस सुटली दोनदा. शेवटी मेहुणीला फोन केला. तिने वेबसाइटला बोटही लावलेलं नाही. बघून सांगितलं, मुदत संपली, एप्रिलमध्ये नाव भलत्याच कुणीतरी घेतलं. कोण, ते दिसत नाही. तेव्हापासून प्रत्येक फोटो, प्रत्येक पत्ता त्याच्याकडे. किती जणांनी पाठवले, विचारू लागली. मला काय ठाऊक? माझ्याकडे आलेच नाहीत ना. फलक काढला. त्यावरचं नाव वाचून कोण कोण वेबसाइटवर गेलं, ते आठवायला बसलो. सगळ्यांनाच तर सांगितलं होतं.
ताईला फोन करून खरं सांगावं. सांगणार होतो. उगाच घाबरेल. आधी कुलूप बदलू, मग सांगू. उद्या सकाळी पहिलं काम.

११ जून
सकाळी पोलिसांकडे गेलो. त्यांनी विचारलं, चोरी काय झाली? काही नाही. झाली की मग या म्हणाले. दुपारी पाठ धरली. ताईकडे उद्या.

१२ जून
ताई दवाखान्यातून परतली तर दार नीट बंद. आत काहीही गेलेलं नाही. फक्त तिची खुर्ची खिडकीपाशी सरकवलेली आणि ओट्यावर एक कप विसळून पालथा घातलेला. तिने फोन करून मला विचारलं, तुझा माणूस होता का रे? तेव्हा सांगितलं सगळं. तिने ऐकून घेतलं. मग फोन ठेवला. मला भीती वाटली, खरीखुरी.

१३ जून
दुकानातलं सगळ्यात भारी कुलूप घेतलं, हत्यारांची पिशवी घेतली, तिसरा मजला चढलो. बेल दाबली. आतून ताईने विचारलं, कोण? म्हटलं, मी आहे ताई, कुलूप बदलायला आलोय.
ती म्हणाली, “बदललं. सुताराकडून बदलून घेतलं.”
म्हटलं, त्याला काय कळतंय कुलपातलं? हे बघ तरी, दार उघड.
ती म्हणाली, “तू जा बाबा. तुझ्या नावावर मी आता दार उघडत नाही.”
आतली कडी लावल्याचा आवाज आला, मग वरची. कडी नीट बसली होती. सुताराने काम चांगलं केलंय.