ओवाळायचा हात

चि. भाऊ हरिओम,

अक्काचा आशीर्वाद. डाव्या हातानं लिहून राह्यले, अक्षराला हसू नको. दिवाळीनंतर मला लकवा मारला, उजवा हात गेला. जालन्याच्या दवाखान्यात तो रोज एका यंत्राला बांधतात. यंत्र हात धरून गोल गोल फिरवतं. आपण जेवढा जोर लावू, तेवढी त्याची मदत कमी होते.

महिनाभर यंत्रच फिरवत होतं. काल मी डोळे मिटले, तुला पाटावर बसवलं, डोक्यावर टोपी घातली अन् ओवाळायला लागले. व्यायाम घेणाऱ्या मधुवंती मॅडम ओरडल्याच, "साधनाबाई, शेवटचे तीन फेरे बिलकुल तुमचे! यंत्रानं काहीच केलं न्हाई."

तीन भाऊबिजा झाल्या, तू आला न्हाईस. वडलांच्या शेतातला माझा हिस्सा तुला सोडायच्या कागदावर याच उजव्या हातानं सही केली न्हाई, म्हणून. अजूनही करणार न्हाई.

हे पत्र टाकणार न्हाई. हात सुधारला कळलं, तर तू जल्दी येशील. मी ताट घेऊन उभी राहीन, अन् तुझ्या पिशवीत तोच कागद असला तर?

वाट पाहणारी,
तुझी अक्का