घाटातली धुरकट काच

१ जुलै, मंगळ.
आजही तेच. शहाद्याहून शाळेला जाताना राणीपूर सोडलं, घाट लागला आणि समोरची काच आतून पांढरी. ह्यांच्या एका हातात स्टिअरिंग, दुसऱ्यात रुमाल. पुसलं की रेघोट्या, रेघोट्यांवर परत वाफ. वळणावर वरून जीप येत होती. हॉर्न आधी ऐकला, जीप नंतर दिसली. अगदी घासून गेली. मागच्या सीटवर आमच्या शाळेतल्या वसावे मॅडम येशूचं नाव घेत होत्या, ते शाळेच्या फाटकापर्यंत चालू होतं.
हे म्हणाले, "काही व्हत नई. पाऊस शे, काचवर धुकं बसनारच."
लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्यांच्या गाडीत मला कधी भीती वाटली नव्हती. आज वाटली. सातवीच्या वर्गात खुर्चीवर बसूनच शिकवलं.

३ जुलै, गुरु.
छत्र्या, रेनकोट सगळं डिकीत. ओल्या चपलांखाली जुने पेपर. वसावे मॅडमनी सांगितलं तसं फडक्यावर शाम्पू घेऊन काच आतून घासली, कोरडी केली. म्हसावदपर्यंत छान. घाटात तिघांचे श्वास, बाहेर संततधार, परत तेच. खिडकी बोटभर उघडली तर पाऊस मांडीवर. एसी लावला तर नुसती हवा, गार नाही. गॅस संपला असणार.
ह्यांना म्हटलं, गाडी दाखवूनच आणा. दाखवेपर्यंत शाळा नको.
"तू उगीच घाबरी ऱ्हायनी."
हो. घाबरलेच आहे.

५ जुलै, शनि.
हाफ डे. शाळा सुटल्यावर शहाद्याला गॅरेज. एसीत गॅस भरला, पाइप गळत होता तो बदलला. मेकॅनिक म्हणाला, हवा काचेकडे सोडा, बाहेरची हवा आत येऊ द्या, नुसतं पुसत बसू नका. ह्यांनी मान डोलावली. घरी येताना फाटकाच्या खांबाला गाडी घासली. म्हणाले, अंदाज चुकला. ह्यांचा?

७ जुलै, सोम.
काच लख्ख! सागाच्या पानांवरचं पाणी दिसत होतं. दरीत ढग, रस्त्यावर मात्र काही नाही. वसावे मॅडम गाणं म्हणायला लागल्या, मीही गुणगुणले. 
मग घाटातल्या सातपायरीच्या वळणांवर हे पुढे वाकले.
"परत बसनं धुकं. पुस ना."
मी पुसलं. फडक्याला काही आलं नाही. कोरडं. वाटलं, एसीनं बाहेरून वाफ धरली असेल. पण वायपर तर चालूच होता.
"आते?" ह्यांनी विचारलं, आता झालं का म्हणून.
"हो, पुसलं," मी म्हणाले.
काय पुसलं मी?

८ जुलै, मंगळ.
आज मुद्दाम लक्ष ठेवलं. ह्यांनी दोनदा पुसायला सांगितलं. दोन्ही वेळा काच स्वच्छ. घरी ह्यांनी चहाचा कप टेबलाच्या कडेला ठेवला, कड नव्हतीच तिथे. फुटला. माझ्यावरच ओरडले, अंधारात का बसतेस म्हणून. ट्यूब चालू होती.
त्याआधी शाळेत, मधल्या सुट्टीत वसावे मॅडम हळूच, "ताई, सरांना चष्मा लागलाय का हो?"
मी हसून विषय बदलला. हसू कसं आलं कोण जाणे.
आज बोलायचं ठरवलं होतं. जमलं नाही. बोलले तर ते खरं होईल, असं काहीतरी वाटलं.

१० जुलै, गुरु.

परत येताना, उतारावर. पाऊस नव्हता, नुसती दमट हवा. डाव्या बाजूला एक बाई, डोक्यावर गवताचा भारा. मला लांबूनच दिसली. वाटलं ह्यांनाही दिसली असेल. गाडी डावीकडेच जातेय. जातेय. मी ओरडले आणि स्टिअरिंग ओढलं. बाईनं भारा टाकला, नाल्यात उडी मारली.
उतरले तेव्हा ती उठून बसली होती. गुडघा सोललेला, कोपरातून रक्त. तिचं पावरी बोलीतलं बोलणं मला कळेना, वसावे मॅडमना अर्धंच कळलं. शिव्या असाव्यात, असायलाच हव्यात. माझी ओढणी बांधली. दवाखान्यात चल म्हटलं, ती हात झटकून उभी राहिली. भारा उचलून दिला. लंगडत गेली. पाड्याचं नाव सांगितलं तिनं, उद्या मॅडम चौकशी करतील.
हे गाडीतून उतरले नाहीत. दोन्ही हात स्टिअरिंगवर, समोर बघत.
"काचवर धुकं बसेल व्हतं," म्हणाले.
मागून मॅडम, अगदी हळू, "सर, काच स्वच्छ होती."
 शहाद्याला उतरताना मॅडम म्हणाल्या, उद्यापासून जीपनं येते. माझ्याकडे बघितलं नाही त्यांनी.

११ जुलै, शुक्र.
दोघांची रजा. पोट बिघडलंय असं कळवलं.
सकाळी एकदाचं विचारलं. "तुम्हाला दिसत नाहीये का?"
"तू माले आंधया म्हनी ऱ्हायनी का?" ताट सरकवलं, बाहेर गेले. पायीच. गाडी तिथेच.
दुपारी आले. ओट्यावर बसले आणि आपणहून बोलायला लागले. दिव्याभोवती कडं दिसतं. सकाळी डोकं ठणकतं. बाजूचं कमी दिसतं, समोरचं कधी कधी धुरकट. होळीच्या आधीपासून. घाटात धुरकट झालं की वाटायचं काचच असेल, तसंच वाटून घ्यायचे.
"सांगितलं का नाही?"
"कोनले सांगू? मन्हा बाप असाच गया."
मामंजींना मी आंधळेच पाहिले. रनाळ्याच्या घरी खाटेवर, काठी उशाला. त्यांना शेतापर्यंत हाताला धरून नेणारा मुलगा म्हणजे हेच, हे मला माहीत होतं. पण ते नेताना ह्यांच्या मनात काय चालत असेल, हे कधी डोक्यातच आलं नाही.
मी जवळ जाऊन बसले. ह्यांचा हात हातात घेतला.

१४ जुलै, सोम.
नंदुरबार. डोळ्यांचा दवाखाना. गाडी मी नेली. लायसन्स आहे, पण शहाद्याच्या बाहेर कधी चालवली नव्हती. प्रकाशाच्या पुलावर मागून ट्रक हॉर्न देत होता, मी दात आवळून मधोमध.
डॉक्टरीणबाई तरुण. डोळ्यांत थेंब, मशीनवर हनुवटी, बराच वेळ.
"घरात आणखी कुणाला होतं?"
"वडिलांना."
"काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही. राहिलेली सांभाळायची." डावा डोळा जास्त गेलाय. उजव्याचं शनिवारच्या तपासणीनंतर सांगतील, लेझर लागेल बहुतेक. तोवर गाडी चालवायची नाही.
ह्यांनी विचारलं, "आनि नंतर?"
"आधी शनिवारी या."
येताना हे डाव्या सीटवर. गिअर बदलला की ह्यांचाही हात हलायचा.

१६ जुलै, बुध.
आज घाट. मी.
"घाट म्हंजे तुन्हं काम नई," हे सकाळी म्हणाले, तरी बसले शेजारी. राणीपूरनंतर पाऊस जोरात. काचेवर वाफ धरायला लागली, खालून वर सरकत. एसी, हवा काचेकडे. गेली.  पहिल्या गिअरवर, मागच्यांना शिव्या देऊ दे.
मधल्या वळणाच्या पुढे दरड. दगड आणि लाल माती अर्ध्या रस्त्यावर, उरलेली जागा दरीकडे. मी थांबले. हे उतरले, छत्रीही घेतली नाही. पुढे जाऊन दरीच्या बाजूला उभे राहिले आणि हात करायला लागले.
"ये, ये, जागा शे!"
ह्यांना किती दिसत होतं मला माहीत नाही. वीस वर्षं ज्या हातावर विश्वास टाकला तोच हात. मी ब्रेक सोडला. गाडी जराशी पुढे गेली. तेवढ्यात ह्यांच्या पायापलीकडे रस्त्याच्या कडेची माती ढासळून खाली गेली, घमेलंभर असेल. ह्यांच्या लक्षातही आलं नाही.
"ये ना!"
मी ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला. मान हलवून नाही म्हटलं. मग ओरडले, "अहो, इकडे या! आधी इकडे या!"
मागच्या जीपमधली माणसं उतरली, दगड लोटायला लागली. ह्यांचा हात अजून वरच होता.
गाडीत येऊन बसले तेव्हा चिंब. कपड्यांची वाफ काचेवर. मी हवा वाढवली. म्हणाले, "माले वाटनं, जागा शे."
शाळेत वसावे मॅडमनी सांगितलं, ती बाई बरी आहे, कामाला जातेय. मग, "आता कोण चालवतं, ताई?"
"मी."
"मग उद्या स्टँडवर थांबू का?"
हो म्हणून बसले.

१७ जुलै, गुरु. सकाळ.
झोप नाही. पाऊस रात्रभर, आत्ताही चालूच. घाट उघडा आहे म्हणतात.
डोळ्यात थेंब मीच टाकले. "आज माले बरं दिखस," म्हणाले. खरं असेलही.
गाडी पुसायला गेलेत. खिडकीतून दिसतायत, ड्रायव्हरच्या दाराशी उभे. दार धरून. मागे वळून घराकडे बघतायत. मॅडम स्टँडवर आल्या असतील.
किल्ली माझ्या पर्समध्ये आहे. हाक मारतायत, किल्ली आण म्हणून. काय सांगू त्यांना?
जाते.